चंदनविषयी सगळं काही

“जोपर्यंत या बाबूलालच्या अंगात प्राण आहे, तोपर्यंत या घरचं लेकरू या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणार नाही!”

ही घोषणा अर्ध्या एकोडी गावाला ऐकू गेली. तिच्यात खोट एवढीच, की ते लेकरू, म्हणजे बाबूलालजींचा तेरा वर्षांचा नातू चंदन, गेली तीन वर्षं कुठेच पाऊल टाकत नव्हता. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता आणि तो बरा होणारा नाही, हे नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. शिवाय घोषणा करताना बाबूलालजींच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात सुनेची.

बाबूलालजी गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. गावातले निम्मे तंटे त्यांनी मिटवले होते. उरलेले त्यांची भाषणं ऐकून ऐकून लोकांनी आपापसातच मिटवले. आता गावात एकच तंटा शिल्लक होता आणि तो नेमका अध्यक्षांच्या घरात निघाला होता.

कारण मंडईचं. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी माहेरी जातात, मैत्रिणींच्या गळ्यात पडतात, भर दुपारी दंडारीचं नाटक बघत बसतात. सूनबाई चंद्रकलाने कोंढ्याची, म्हणजे माहेरची, मंडई सहा वर्षांत पाहिली नव्हती. पाहणार कशी? चंदनला सोडून ती मोरीतही धावत जायची आणि धावत यायची.

भंडाऱ्याला अशा लेकरांसाठी ‘विसावा’ नावाचं एक घर होतं. बरं न होणारं दुखणं असलेली मुलं तिथं काही दिवस राहत, त्यांच्या वेदनेकडे जाणती माणसं बघत, खेळही चालत, आणि तेवढ्यात घरची माणसं जरा पाठ टेकत. तिथल्या रिता सिस्टर महिन्यातून दोनदा घरी येऊन चंदनला बघून जात. त्याच म्हणाल्या होत्या, “तीन दिवस चंदन आमच्याकडे राहील, ताई. तुम्ही कोंढ्याला जाऊन या.” तुमसरच्या राईस मिलमध्ये असलेला चंदनचा बाप कमलेश फोनवर हो म्हणाला. चंदन हो म्हणाला. अध्यक्षांना मात्र कोणी विचारलंच नाही. तंट्याचं मूळ ते.

आता ‘विसावा’ची गाडी बाहेर उभी होती आणि रिता सिस्टर आत खाटेपाशी बसल्या होत्या. चंद्रकलाची पिशवी भरलेली होती. आणि बाबूलालजी दारात उभे होते. दार ही त्यांची भाषणाची आवडती जागा. तिथून घरालाही ऐकू जातं आणि रस्त्यालाही.

“लोक काय म्हणतील? बाबूलालनं नातू नेऊन टाकला! मी मेलो का? तीन दिवस मी सांभाळतो त्याले.”

“मामाजी, तुमच्यानं होईल का जी?” चंद्रकला हळूच म्हणाली.

“काहून नाही होणार? तीन वर्षांपासून कोण सांभाळून राहिला?”

हा प्रश्न त्यांनी चहाच्या टपरीवर अनेकदा विचारला होता. तिथं उत्तर नेहमी त्यांच्याच बाजूचं यायचं. इथं चंद्रकला जमिनीकडे बघू लागली आणि खाटेवरचा चंदन छताकडे.

रिता सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. “बरोबर आहे काकाजी. घरीच ठेवा. मी रोज सकाळी दोन तास येईन, बाकी तुम्ही बघा. फक्त हा कागद तेवढा भरून देऊ. येणाऱ्या प्रत्येक मुलाचा भरतो आम्ही, म्हणजे नव्या माणसाचा हात लागला तरी लेकराला परका वाटू नये.”

“लिहा!” बाबूलालजींनी घसा साफ केला. “चिरंजीव चंदन, तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष श्रीमान बाबूलालजी यांचे ज्येष्ठ नातू...”

सिस्टरांनी लिहिलं : चंदन.

“झोपतो कोणत्या कुशीवर?”

“झोप चांगली आहे त्याची. पहाटे उठते.”

“मी उठत नाही आजोबा,” चंदन म्हणाला. “मले उठवतात.”

“मधात बोलू नको बापू. पुढचं विचारा.”

“पाणी कशानं पितो?”

“गिलासानं. आपल्या घराण्यात सगळे गिलासानंच पितात.”

“चमच्यानं,” चंद्रकला म्हणाली. “वर्ष झालं. गिलासानं ठसका लागते.”

घराण्यात झालेला हा बदल बाबूलालजींना कोणी कळवला नव्हता. सिस्टरांनी ‘चमचा’ लिहून घेतलं. बाहेरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. एकोडीची मंडई चार दिवसांवर होती आणि समोरच्या मैदानात आकाशपाळणेवाले आधीच येऊन बसले होते.

“रात्री किती वेळा कूस बदलावी लागते?”

“एकदाही नाही,” बाबूलालजी छातीवर हात ठेवून म्हणाले. “बाहेरच्याच खोलीत झोपतो मी. तीन वर्षांत त्याचा एक आवाज ऐकला नाही.”

“आमी तुमचा ऐकतो ना,” चंदन म्हणाला. “आई म्हणते, बरं आहे, चोर येत नाही.”

“सहा वेळा,” चंद्रकला म्हणाली. “थंडीत सात.”

सहाला तीन वर्षांनी गुणण्याचा मोह बाबूलालजींनी मोठ्या निग्रहाने टाळला. सिस्टरांचा आवाज तसाच होता, शाळेत हजेरी घ्यावी तसा.

“कशाची भीती वाटते?”

हा प्रश्न सोपा होता. बाबूलालजी ताठ झाले. “लिहा. आमच्या रक्तात भीती नाही!”

“आई पडली होती, तशी पुन्हा पडायची,” चंदन म्हणाला.

“कधी पडली?”

“मागच्या उन्हाळ्यात. मोरीत. चक्कर आली तिले. मी इथून आवाज देऊन राहिलो होतो, ती ओ देत नव्हती. मले काही उठताच आलं नाही.”

बाहेर आकाशपाळण्याच्या हातोड्याने नेमकी तेव्हाच विश्रांती घेतली.

“मंग मी कुठं होतो?” बाबूलालजींनी विचारलं.

“साकोलीले. तुमचा सत्कार होता.”

“कायचा?”

चंदनने जरा आठवून पाहिलं. “आदर्श कुटुंबप्रमुख.”

त्या सत्काराची शाल भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. बाबूलालजींनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग आपल्या पायांकडे, जिथं अजून दोन वेगवेगळ्या चपला होत्या. माजी अध्यक्षांना शब्द सापडत नाही, असं गावात पूर्वी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा त्यांची दाढ काढली होती.

सापडला तेव्हा तो भाषणातला नव्हता.

“सिस्टर, तिथं नेलेली लेकरं परत येतात नं जी?”

आता कुठे खरा तंटा बाहेर आला. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं.

“चंदन तीन दिवसांनी येईल, काकाजी. आपल्या मंडईच्या एक दिवस आधी. काही मुलं येत नाहीत, खोटं कशाला सांगू? पण तेव्हा त्यांची आई जवळ असते, बाप असतो. आजोबांसाठीही खाट आहे. आणि नंतरही आम्ही त्या घरी जात राहतो.”

“मी उद्या भेटाले आलो तर चालते?”

“आज आलात तरी चालतं.”

बाबूलालजींनी कागद ओढून घेतला आणि सही केली. हुद्द्यासकट. जागा अपुरी पडली म्हणून ‘माजी’ तेवढं गाळलं.

चंद्रकलाने डोळ्यांना पदर लावला, पिशवी उचलली आणि ‘माझी एक चप्पल द्या जी’ हे सांगायला तोंड उघडून पुन्हा मिटलं. प्रसंग तसा नव्हता.

“शेवटचा प्रश्न,” सिस्टर म्हणाल्या. “चंदन, हा फक्त तुझ्यासाठी. घरच्यांना काही सांगायचं आहे?”

बाबूलालजींनी रुमाल आधीच काढून हातात धरला. नातवाचे हे शब्द मंडईच्या व्यासपीठावरून गावाला कसे ऐकवायचे, याची पहिली दोन वाक्यं त्यांच्या मनात तयारही झाली होती. उत्तराच्या स्वागतासाठी ते दारात नीट मधोमध उभे राहिले.

चंदनने मान होईल तेवढी वळवली.

“आजोबा, जरा बाजूले सरका ना जी. मघापासून पाळणा दिसून नाही राहिला.”