गेटवर जमा

कीर्तीच्या चष्म्याचा नंबर वर्षभरात एकवरून अडीचवर गेला आणि तिची आई माधवी धास्तावली. अकरा वर्षांची पोर! उल्हासनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "टॅब कितना देखती है?" तर माधवी आणि तिचा नवरा संतोष एकमेकांची तोंडं बघत बसले. खरं सांगायची लाज वाटत होती. शाळेतून आली की टॅब, जेवताना टॅब, काही सांगायला जावं तर "पाच मिनिटं". ती पाच मिनिटं कधी संपलेली माधवीने पाहिली नव्हती.

सोनिवलीच्या त्यांच्या घरी परत आल्यावर संतोषने उपाय काढला. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. आत सॉल्व्हंटची पिंपं, ठिणगीचं भय, म्हणून कामगारांचे मोबाईल गेटवरच काढून घेत. लाकडी खणात फोन ठेवायचा, नंबराचं टोकन घ्यायचं, सुट्टी झाली की टोकन देऊन फोन न्यायचा.

"तसंच घरी करायचं," तो कीर्तीला म्हणाला. "साडेसात ते साडेनऊ, तिघांचं सगळं जमा. मी पण, तुझी आई पण. नियम म्हणजे नियम!"

दाराजवळ त्याने तीन खणांची फळी ठोकली. कीर्तीने पुठ्ठ्याची टोकनं कापली आणि वॉचमनची नोकरीही तिनेच पटकावली. पहिल्या संध्याकाळी ती स्टुलावर बसून ओरडली, "चला, मोबाईल जमा करा! खिसे दाखवा!" संतोषने हात वर करून झडती दिली. तिघंही पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी ते घर एकत्र हसलं होतं, आणि माधवीने मनातल्या मनात नवऱ्याला शाबासकी दिली.

तिचे स्वतःचे मात्र हाल होत होते. भाजी ढवळता ढवळता बोटं फोन शोधायची. बहिणींच्या ग्रुपवर काय चाललंय या विचाराने जीव खालीवर व्हायचा. पण लेकीच्या डोळ्यांसाठी तिने मन मारून नियम पाळला. संतोष तर अगदी निवांत दिसायचा. सोसायटीच्या कमिटीत असल्याने तेवढा एकदा "मोटर चालू झाली का बघून येतो" म्हणून खाली जायचा आणि अर्ध्या तासाने यायचा. एवढा फोनवेडा माणूस इतक्या लवकर सुधारला, याचं माधवीला नवल वाटे. आणखीही एक नवल होतं. एरवी घरात सतत खणखणणारा त्याचा फोन फळीवर गेला की एकदाही वाजत नसे. तिच्या ते लक्षात आलं होतं. पण घरात शांतता होती, कशाला उगाच खोदायचं, म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

महिना झाला. एका रविवारी संध्याकाळी माधवीचे वडील, नाथा, जांभूळ गावाहून वालाच्या शेंगा घेऊन आले. एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमनगिरी केलेला माणूस. घरातली फळी बघून म्हातारा भलताच खूश झाला.

"अरे, ही तर माझी ड्युटी!" म्हणत त्यांनी आपला बटणांचा फोन काढला. "माझा पण जमा करा."

साडेसात वाजून गेले होते. कीर्ती सगळ्यांना टोकनं देऊन अभ्यासाला आतल्या खोलीत गेली होती. वडिलांच्या फोनला जागा करावी म्हणून माधवीने टॅब उचलला आणि ती थबकली. टॅब हलका लागला. तिने कव्हर उघडलं. आत वहीचे पुठ्ठे होते, टॅबच्या मापाने नीट कापून एकावर एक चिकटवलेले.

क्षणभर तिला काही उमजेचना. मग ती धावतच आत गेली. कीर्ती पांघरुणात होती आणि पांघरुणाच्या आत उजेड होता.

माधवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग नंतर आला. रोज ही पोरगी हसत हसत आपल्या हातात टोकन देत होती, आणि आपण येणाऱ्या-जाणाऱ्या शेजारणीला तिचं कौतुक सांगत होतो! पोटच्या पोरीने इतक्या थंड डोक्याने फसवावं?

"कधीपासून?" तिने विचारलं.

मागोमाग आलेल्या संतोषचा आवाज चढला. "आईबापाला दगा देतेस? एवढीशी आहेस आणि ही अक्कल? विश्वास टाकला होता आम्ही तुझ्यावर! कुठून शिकलीस ही चोरी?"

कीर्तीने मान वर केली. ती रडत नव्हती, नुसती बापाकडे बघत होती. माधवीला त्या नजरेचा अर्थ लागेना.

दारात उभ्या असलेल्या नाथांनी मात्र ती नजर ओळखली असावी. ते फळीपाशी गेले. त्यांनी संतोषचा फोन हातात घेतला, उलटापालटा केला, बटण दाबून पाहिलं आणि परत ठेवला. मग स्वतःचा फोन उचलून शांतपणे जावयाचा नंबर लावला.

फळीवरचा फोन मुकाच राहिला. संतोषची पँट मात्र थरथरू लागली!

संतोषने खिशावर हात दाबला. पण आता दाबून काय उपयोग?

"गेटवर मी ह्येच करायचो," नाथा म्हणाले. "संशय आला की रिंग द्यायची. लोक जुना, मेलेला फोन जमा करायचे नि खरा मोज्यात घालून आत न्यायचे. जावईबापू, तुमच्या गेटवर पण चालतं वाटतं ह्ये?"

"मामा, तसं नाही..." सासऱ्यांना तो मामाच म्हणे. "आठ-आठ तास फोन नसतो हातात. घरी आल्यावर जरा..."

"मला माहीत होतं," कीर्ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला बोलवायला खाली आले होते पप्पा. तुम्ही पंपरूमच्या मागे बसून व्हिडिओ बघत हसत होता. मला वाटलं, आज बघितला असेल, उद्या नाही बघणार. मी रोज टोकन देत होते तुम्हाला. पंधरा दिवस दिलं. मग मी पण पुठ्ठा कापला."

ती आईकडे वळली. "आणि तुला पण माहीत होतं ना, आई? पप्पांचा फोन इथे कधी वाजलाच नाही."

आज दोघांनी आपल्याला फसवलं, असं माधवीला वाटत होतं. नवऱ्याचा तर संताप आला होता. पण पोरीला काय सांगणार? फोन वाजत नाही हे माधवीला स्वतःला दिसलं होतं आणि तिने काणाडोळा केला होता. मग खरी फसवली गेली ती ही अकरा वर्षांची कीर्ती. पंधरा दिवस ती बापाचं खोटं एकटीने पोटात ठेवून नियम पाळत राहिली होती!

नाथा नातीजवळ बसले. "आमच्याकडे एक मॅनेजर आले. त्यांची गाडी फोनसकट आत जायची. मी अडवलं तर म्हणाले, मला ओळखत नाय का? आठ दिवसांत निम्म्या कामगारांच्या खिशात दोन-दोन फोन! मी ओरडून थकलो. शेवटी त्या मॅनेजरसाहेबांनाच जाऊन बोललो, तुमचा फोन जमा करा, बाकीच्यांचं माझ्याकडे लागलं. ते समजूतदार निघाले, त्यांनी ऐकलं." त्यांनी संतोषकडे पाहिलं. "पोरगी टॅबवर बसते म्हणून तुम्ही ओरडता. पण तिने जन्मापासून काय बघितलं? तिला खांद्यावर घेऊन आई फोनवर, तिला भरवताना बाप फोनवर. बोललेलं पोरं विसरतात हो, केलेलं नाय विसरत. फळी ठोकून काय व्हायचं? आधी मोठ्यांनी पाळायला पायजे!"

संतोष कीर्तीसमोर जमिनीवर बसला.

"मी खोटं वागलो," तो म्हणाला. "चोरी कुठून शिकलीस, असं विचारलं ना मी तुला? माझ्याकडूनच शिकलीस. चुकलो मी, बेटा."

"माझंही चुकलं," माधवी म्हणाली. "बघूनही मी काही बोलले नाही."

कीर्तीने मान डोलावली, पण बापाला बिलगली नाही. तुटलेला विश्वास माफी मागितल्या क्षणी परत जुळेल, अशी आशा कुणी करू नये.

दुसऱ्या दिवसापासून संतोषला ते दोन तास फार जड जाऊ लागले. लेकीशी बोलायचं काय, हेच त्याला कळेना. शाळेत काय झालं विचारावं तर ती "काही नाही" म्हणून मोकळी. तरी तो बसून राहिला. तिच्या भूगोलाचे नकाशे रंगवून दिले, वालाच्या शेंगा सोलल्या, पत्त्यांत हरला. माधवीही फोन बंद करून त्यांच्यात येऊन बसू लागली. दहाव्या दिवशी कुणी न सांगता कीर्तीने टॅब बंद केला आणि संतोषच्या हातात आणून दिला.

"पप्पा, पण मी अजून रागावलेय हं तुमच्यावर."

"राहा रागावलेली," संतोष म्हणाला. "मी आहे इथेच."

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरातही एखादी कीर्ती आहे. तिच्या हातातला फोन काढून घेण्याआधी आपले हात कुठे आहेत ते बघूया. नियम करायचा तर आधी आपण पाळूया, आणि मोडला तर तिच्यासमोर कबूल करूया. मूल आपल्यावर रागावतं तेव्हा त्याला अजून आपल्याकडून काहीतरी हवं असतं. त्याने रागवायचंही सोडून दिलं, तर मग आपण कितीही फोन जमा केले तरी ते मूल आपल्याजवळ येऊन बसणार नाही.