ग्लोव्हज घालत जा, सिस्टर

आम्रपालीला ऑर्थोपेडिक वॉर्डात सगळ्या जणी ‘धुणावळ’ म्हणायच्या. चेष्टेतच, पण त्यात कौतुकापेक्षा कंटाळा जास्त असायचा. पेशंटला हात लावण्याआधी हात धुणार, लावून झाल्यावर धुणार, पलंगाच्या कठड्याला नुसता हात लागला तरी धुणार. वॉर्डात नव्याने आलेल्या मुली ड्युटी सुरू झाली की ग्लोव्हज चढवायच्या आणि त्याच ग्लोव्हजनी सलाईन, बेडपॅन, मोबाईल, सगळं उरकायच्या.

“अगं, ग्लोव्हजने तू वाचतेस, पेशंट नाही,” आम्रपाली सांगायची. मुली मान डोलवायच्या आणि तेच ग्लोव्हज घालून पुढच्या पलंगाकडे जायच्या.

धुवून धुवून तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. कात्रजच्या घरी तिची आई, जया, रोज संध्याकाळी खोबरेल कोमट करून द्यायची आणि वर बोलणी ऐकवायची, “तुझ्यामागे काय डॉक्टर लागलाय का गं काठी घेऊन?”

मंदाकिनीबाई वॉर्डात आल्या त्या न्हाणीघरात घसरून खुबा मोडल्यामुळे. शनिवार पेठेतल्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सांधा बदलण्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांचे यजमान गोपाळकृष्ण बँकेतून निवृत्त झालेले. ते सकाळीच थर्मासमधून घरचा चहा घेऊन यायचे, कारण कँटीनमध्ये मिळतं त्याला चहा म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

मंदाकिनीबाईंना दुखणं सहन होत नसे आणि ते बोलून दाखवायचीही लाज वाटे. आम्रपालीला ते चेहऱ्यावरून कळायचं. ती त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, केस विंचरून बारीकशी वेणी घालून द्यायची.

“खरखरीत आहेत गं तुझे हात,” मंदाकिनीबाई एकदा म्हणाल्या, “पण लागत नाहीत.”

“साबणाची कृपा, आजी.”

गोपाळकृष्णही हसले. मग चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, “आपलं पूर्ण नाव काय म्हणालात, सिस्टर? बिल्ल्यावर नुसतं आम्रपाली आहे.”

तिने आडनाव सांगितलं.

“मूळ गाव?”

तिने गावही सांगितलं. ते “अच्छा” म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाडी बघायला मंदाकिनीबाईंचा हात हातात घेणार, तोच ते खुर्चीतून उठले. “सिस्टर, एक विनंती आहे. ग्लोव्हज घालत जा. हल्ली इन्फेक्शनचं फार वाचनात येतं.”

“आजोबा, नाडी बघायला ग्लोव्हज लागत नाहीत. आता तुमच्यासमोरच हात धुतले मी.”

“बरोबर आहे आपलं. तरीपण आमच्या समाधानासाठी.”

तिने ग्लोव्हज घातले. पेशंटच्या माणसांना भीती असते, असली तर असू दे. पाणी पाजताना घातले, उशी सारखी करताना घातले, वेणी घालताना घातले. रबराला केस चिकटून ओढले जात होते. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी औषधांची ट्रॉली घेऊन ती मंदाकिनीबाईंच्या खोलीसमोरून जात होती. आत द्वारका होती. दोघी एकाच बॅचच्या, नर्सिंगच्या होस्टेलपासूनच्या मैत्रिणी. द्वारका उघड्या हातांनी मोसंबीच्या फोडी सोलून मंदाकिनीबाईंना भरवत होती. पलीकडच्या पेशंटचं बेसिन उचलून ती हात न धुता तशीच आत शिरलेली आम्रपालीने बघितली होती. गोपाळकृष्ण कौतुकाने म्हणत होते, “घरच्यासारखं करता हो तुम्ही अगदी.”

ड्युटी संपताना आम्रपालीने विचारलं, “तुला ते आजोबा ग्लोव्हज घालायला सांगतात का गं?”

“नाही बाई. का?”

“मला सांगतात.”

द्वारकाला कळायला एक क्षण लागला. मग ती पदर खोचल्यासारखी ओढणी सारखी करत राहिली. “जुनी माणसं आहेत. चार दिवसांनी जातील घरी.”

इन्चार्ज सिस्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही. “त्यांनी तुला जात विचारली का?”

“नाही.”

“मग? ग्लोव्हजच मागितले ना? घाल. बाहेर जाऊन काहीबाही सांगणारी माणसं आहेत ती, उगीच वाढवू नकोस.”

त्या संध्याकाळी घरी जेवताना तिने वडिलांना सांगितलं. भीमराव महापालिकेत कारकून होते. त्यांनी घास खाली ठेवला. “आडनाव तू आपणहून सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. लपवायचं कशाला?”

“लपवू नकोसच,” ते म्हणाले. “मीही कधी लपवलं नाही.” आणि ते ताट घेऊन उठले.

दोन दिवसांनी डॉक्टर आमोद राउंडला आले. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. हात हलका आणि पाय कायम घाईत. शेजारच्या खोलीत अपघातात पाय चिरडलेला पेशंट होता, त्याची जखम चिघळून पू येत होता. डॉक्टरांनी ग्लोव्हज घालून त्याचं ड्रेसिंग उघडून बघितलं आणि बोलत बोलतच ते मंदाकिनीबाईंच्या खोलीत शिरले. मागोमाग आम्रपाली आणि ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत द्वारका. डॉक्टरांनी मंदाकिनीबाईंच्या खुब्यावरची पट्टी सोडवायला हात पुढे केला.

“सर,” आम्रपाली पटकन म्हणाली, “ग्लोव्हज बदलता? नवीन देते.”

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करून दाखवले. “घातलेत की, सिस्टर.”

“हेच ग्लोव्हज शेजारी…”

“जखमेला हात लावत नाहीये मी, नुसती बघतोय.” त्यांनी पट्टी उचलली, टाक्यांच्या कडेने बोट फिरवून दाबून बघितलं. “छान आहे. उद्या उभं करू.”

द्वारकाने आम्रपालीकडे बघितलं आणि मान खाली घातली. गोपाळकृष्ण मात्र खूश होते. डॉक्टर गेल्यावर ते आम्रपालीला म्हणाले, “बघितलंत? एवढे मोठे सर्जन, पण ग्लोव्हजशिवाय हात लावत नाहीत.”

मंदाकिनीबाई उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्याही. मग थंडी वाजून ताप भरला. टाक्यांभोवती लाली चढली, पाणी यायला लागलं. तपासणीत जो जंतू निघाला तोच शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या पुवात निघालेला होता. सांधा पुन्हा उघडून धुवावा लागणार होता.

गोपाळकृष्ण थेट सुपरिंटेंडंटच्या केबिनमध्ये गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ती सिस्टर सुरुवातीचे दिवस ग्लोव्हज न घालता हाताळत होती. त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे घालायला लागली.

सगळ्यांना बोलावणं आलं. टेबलाच्या एका बाजूला सुपरिंटेंडंट, डॉक्टर आमोद आणि इन्चार्ज सिस्टर. दुसऱ्या बाजूला आम्रपाली आणि द्वारका.

“तुम्ही ग्लोव्हज घालत नव्हता, हे खरं?” सुपरिंटेंडंटनी विचारलं.

“जिथे लागतात तिथे घालत होते. नाडी बघायला, वेणी घालायला लागत नाहीत, सर. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्येच तसं सांगतात. जखमेला मी हातच लावलेला नाही.”

“मग कोणी लावला?”

आम्रपालीने डॉक्टरांकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघत तिने राउंडला झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मी बदला म्हणाले होते. द्वारका होती तिथे.”

डॉक्टर आमोद शांतपणे म्हणाले, “मी प्रत्येक पेशंटला ग्लोव्हज बदलतो. सिस्टरांच्या आठवणीत गफलत होत असेल.”

सुपरिंटेंडंट द्वारकाकडे वळले. “तुम्ही काय बघितलंत?”

द्वारकाचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. “मी ट्रॉली लावत होते, सर. माझं लक्ष नव्हतं.”

आम्रपालीला वाटलं, आता राहिलंय ते तरी बोलावं. “सर, त्या आजोबांनी ग्लोव्हज फक्त मलाच का घालायला सांगितले, तेही विचारा ना त्यांना.”

“म्हणजे?”

“आम्रपाली,” इन्चार्ज सिस्टर घाईने म्हणाल्या, “तो विषय इथे नको.”

“मग कुठे काढायचा, सिस्टर?”

सुपरिंटेंडंटनी घड्याळात बघितलं.

शिक्षा अशी काही झाली नाही. ‘तुमच्या हाताच्या त्वचेचा त्रास लक्षात घेऊन’ तिची बदली तळघरातल्या निर्जंतुकीकरण विभागात झाली. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, कापडात गुंडाळायची, वाफेच्या यंत्रात घालायची. तिथे पेशंट नसतात. वॉर्डात भिंतीवर नवीन सूचना लागली: सर्व सिस्टरांनी पूर्ण वेळ ग्लोव्हज घालावेत. मुलींना ते सोयीचंच झालं. आता हात धुवायलाही कोणी सांगणार नव्हतं.

वॉर्ड सोडायच्या दिवशी ती मंदाकिनीबाईंना बघायला गेली. दुसऱ्या ऑपरेशनने त्या उशीइतक्या फिकट झाल्या होत्या. गोपाळकृष्ण औषधं आणायला खाली गेले होते.

“जातेस?” मंदाकिनीबाईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं. “तुझ्यामुळे काही झालेलं नाही गं. मला माहीत आहे. तू डॉक्टरांना बोललीस ते मी ऐकलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीत, आजी?”

“यांच्यापुढे काय बोलणार? आणि डॉक्टरांशी वाकडं घेऊन कसं चालेल? पुन्हा त्यांच्याच हाताखाली पडायचंय मला.” त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला. “ते ग्लोव्हजचंही मला आवडलं नव्हतं हं. खरंच नव्हतं.”

आम्रपालीने तो धरला नाही. चादर सारखी करून ती म्हणाली, “पाणी भरपूर प्या, आजी. पाय हलवत राहा.” दारातून वळून बघायचं तिने टाळलं.

तळघरात खिडकीतून ट्रे द्यायचे असतात. काही आठवड्यांनी त्या खिडकीशी द्वारका आली. एरवी ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवायची. “रागावलीस ना माझ्यावर?”

“कशासाठी? तू तर काही बघितलंच नव्हतंस.”

“असं नको गं बोलूस. माझी नोकरी अजून पक्की नाही, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या… तू माझ्या जागी असतीस तर?”

आम्रपालीने खरंच क्षणभर विचार केला. “तुझ्या जागी मला कोणी बसू दिलं असतं का, द्वारका?”

द्वारकाचे डोळे भरले. तेवढ्यात वॉर्डातून तिला फोन आला. आम्रपालीने ट्रे पुढे सरकवला. “घे. वर खोळंबले असतील. आणि कडेला धरू नकोस, कापड फाटलं तर सगळं पुन्हा करावं लागेल मला.”

द्वारका ट्रे घेऊन लिफ्टकडे गेली. वाफेचं यंत्र थांबल्याची शिटी झाली. आम्रपालीने खिडकीची काच सरकवली आणि पुढचा ट्रे ओढून मोकळा करायला घेतला.