नव्वद सालचा पूल

तिवश्याच्या पुढे, आमच्या गावच्या नाल्यावर सागवानी फळ्यांचा पूल आहे आणि त्यावर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. फळ्या भिजून सडू नयेत म्हणून कोणीतरी ते घातलं. गावातली निम्मी घरं गळत होती, तेव्हाही पूल कोरडा होता.

नत्थुजींचं वावर नाल्यापलीकडे. पूल गेला तर बैलबंडीला सहा किलोमीटरचा वळसा. त्यामुळे अमरावतीहून चारुता मॅडम नावाच्या प्राध्यापिका छपराच्या पुलांचा इतिहास लिहायला येताहेत, हे कळताच नत्थुजींनी गाव गोळा केलं. वही घेऊन आलेला माणूस गावाला काही देऊन गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"जुना म्हनलं तं सरकार ताब्यात घेईन. मंग खिळा ठोकाले बी अर्ज करा लागते. पूल नव्वद साली आपनच बांधला. ध्यानात ठेवा."

गावाने ठेवलं. मॅडम सात जणांना भेटल्या. सातही जण नव्वद म्हणाले.

"पण आजी, ही कवेलू शंभर वर्षांची दिसतात," मॅडम पंच्याऐंशी वर्षांच्या गोदाबाईंना म्हणाल्या.

"इकडे ऊन लय हाय, बाई. लवकर म्हातारी होतात."

दोन महिन्यांनी नोटीस लागली. नाला रुंद होणार. मॅडमच्या यादीतले जुने पूल राहतील, बाकीचे पाडणार.

नत्थुजींनी मॅडमना फोन लावला. "पूल लय जुना हाय मॅडम! माह्या आज्याची वरात गेली त्याच्यावून."

"काका, सात जणांनी नव्वद सांगितलंय. एखादा साक्षीदार बोलतानाचा व्हिडिओ पाठवा."

नत्थुजी मोबाइल घेऊन गोदाबाईंकडे गेले. "काकू, तू नवरी होऊन आली तवा पूल होता नं? सांग बरं खरं खरं."

गोदाबाईंनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कावून रे? सकाळी नाल्याच्या ठेकेदाराच्या जीपपाशी उभा होता तू. मी पायलं."

"पूल नको पाडू म्हनून हात जोडाले गेल्तो!"

"जोडले असतीन. पन त्यानं पढवलेलं मले नको शिकवू आता."

बाकीच्या सहा दारांतही ठेकेदाराच्या जीपची बातमी नत्थुजींच्या आधी पोचली होती.

शेवटी ते एकटेच पुलावर उभे राहिले. मोबाइल स्वतःकडे वळवून म्हणाले, "मी खोटं बोल्लो. गावाले बी मीच शिकवलं. पूल माह्या आज्याच्या बी आधीचा हाय."

व्हिडिओ गेला. मॅडमनी पाहिला. उत्तर आलं :

"काका, हे बोलायला तुमच्यावर कोणी दबाव तर आणत नाहीये ना?"