आतून ऐकलेलं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, अशा वेळी 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी माणसांशी माझं फारसं जमत नाही. तुम्ही मला बाहेरून बघता, किल्ली फिरवता आणि आपल्या वाटेने निघून जाता. आत काय राहिलंय ते माझ्या पाठीला कळत असतं.

माझा जन्म एका अंधाऱ्या कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला कानशीने घासून गुळगुळीत केलं, त्याच्या हातून माझ्या पोटातला एक खटका जरा तिरका बसला. मालकाने मला उघडून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे अडतंय."

"अडू दे की," कारागीर म्हणाला. "चोरालाही अडेल."

तेव्हापासून मी असा आहे. नुसत्या किल्लीला मी दाद देत नाही. आधी माझी दांडी आत दाबायची, मग किल्ली केसभर मागे ओढायची आणि मगच फिरवायची. दाबलं की मी 'कट्' करतो, ओढलं की 'खर्र'. हे दोन आवाज लक्षात असू द्या.

मला विकत घेतलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. घरामागे तिची अडगळीची खोली होती. कापडाचे गठ्ठे, रिकामे डबे, मोडकी खुर्ची, खिडकी नाही. त्या दाराच्या कोयंड्यात मी लटकलो आणि माझं भारी कौतुक झालं. "हत्ती आला तरी हलणार नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मलाही बरं वाटायचं. कापडाच्या गठ्ठ्यांवर हत्ती कशाला येईल, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

पण मी गठ्ठ्यांसाठी नव्हतोच. त्या बाईला एक मुलगी होती. दूध सांडलं, मार्क कमी पडले, उलट उत्तर दिलं किंवा उत्तरच दिलं नाही, की मुलगी आत आणि मी बाहेर.

"बस आत. डोकं ताळ्यावर आलं की उघडते," आई म्हणायची. "आणि रडण्याचा आवाज आला ना, तर पुन्हा पहिल्यापासून."

सुरुवातीला मुलगी दार बडवायची. मग नुसती हुंदके द्यायची. मग तेही थांबलं. वडील पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत असायचे. एकदा ते म्हणाले, "आता उघड की गं."

"तुम्ही मध्ये पडू नका."

ते पडले नाहीत. मध्ये न पडण्यात त्या गृहस्थांचा हातखंडा होता. त्यांनी टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

शेजारीण कौतुकाने म्हणायची, "तुमची मुलगी किती शांत हो! आमचा कार्टा घर डोक्यावर घेतो."

"वळण लावावं लागतं," आई म्हणायची. मुलीला ती लाडाने 'घुमी' म्हणायची. आधी तोंड शिवायचं आणि मग मुलगी बोलत नाही म्हणून नाव ठेवायचं, याला तुमच्यात लाड म्हणतात, हे मला तिथे कळलं.

घुमी मोठी झाली आणि दूरच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी आईने मला कोयंड्यातून काढलं, तेल घातलं आणि मुलीच्या हातात दिलं. "होस्टेलच्या कपाटाला लाव. मजबूत आहे." आईच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. ती खरोखरच विसरली होती. घुमीने मला मुकाट्याने बॅगेत टाकलं.

होस्टेलच्या खोलीत दोघी. दुसरी कायद्याचं शिकत होती आणि जेवताना ताटाशीही वाद घालायची, म्हणून सगळ्या तिला वकीलबाई म्हणत. भांडण पहिल्याच आठवड्यात पेटलं, आणि ते दारावरून. घुमी दार लागू द्यायची नाही. फटीत चप्पल अडकवून ठेवायची.

"ही खोली आहे की धर्मशाळा?" वकीलबाई ओरडायची. "बाहेरच्या सगळ्यांचा गलका आत येतो. मला अभ्यास आहे."

"मला गुदमरतं."

"मग गच्चीवर राहायला जा."

त्यात एका दुपारी उघड्या दारातून वकीलबाईचा लॅपटॉप गेला. रेक्टरबाईंनी दोघींना उभं केलं. घुमीला कारण विचारलं, तर तिच्या तोंडातून शब्द फुटेना.

"नखरे घरी करायचे," रेक्टरबाई म्हणाल्या. "यापुढे दार उघडं दिसलं, तर सामान बांधायचं आणि घर गाठायचं."

घर. मित्रांनो, तिच्याकडे दोनच दारं उरली होती, आणि दोन्ही बंद होणारी. त्या दिवसापासून ती खोलीत जमेल तेवढं कमी थांबायची. जिन्यात बसून पेंगायची, वर्गात झोपायची. चांगली हुशार पोर, पण पेपर कोरे ठेवून यायला लागली. प्राध्यापक म्हणाले, आळशी आहे. वर्गातल्या मुली म्हणाल्या, शिष्ट आहे. माणसांना नावं ठेवायला किल्ली लागत नाही.

मग तो रविवार आला. घुमी खोलीत कपडे आवरत होती आणि मी तिच्या कपाटावर किल्लीसकट लटकत होतो. वकीलबाईचा लॅपटॉपचा राग अजून उतरला नव्हता. तिने मला काढलं, बाहेर गेली, दार ओढलं आणि मला कोयंड्यात घालून दाबलं. शेजारच्या खोलीतली मुलगी फिदीफिदी हसत होती.

"बघू या, दार बंद असलं की मरते का. हात जोडून 'उघड' म्हणाली की काढते," वकीलबाई म्हणाली.

दोघी दाराला कान लावून थांबल्या. आतून धक्का नाही, हाक नाही, काही नाही. हसणं हळूहळू विरलं. शेजारच्या खोलीतली "माझं दूध उतू जाईल" म्हणून सटकली. खोलीत शेगडी ठेवायला बंदी होती, पण पळून जायला काहीही चालतं.

"ए घुमे. बोल की."

काही नाही.

वकीलबाईने किल्ली घालून फिरवली. मी अडलो. तिने जोर लावला, मला दारावर आपटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी लहान मुलीचा वाटावा असा, नम्र.

"सॉरी. परत नाही करणार."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? कुलूप मी लावलंय," वकीलबाई म्हणाली. "आणि हे मेलं उघडत नाहीये."

मग घुमी सावकाश बोलू लागली. "दांडी आत दाब. 'कट्' वाजलं? आता किल्ली जराशी ओढ. नाही, अजून. 'खर्र' झालं पाहिजे. हां. आता फिरव."

मी उघडलो. घुमी दाराशेजारच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वकीलबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"तुला आतून कसं कळलं?"

"आवाजावरून," घुमी म्हणाली. "मी याला नेहमी आतूनच ऐकलंय."

वकीलबाईने उठून दाराच्या फटीत स्वतःची चप्पल अडकवली.

दुसऱ्या दिवशी ती घुमीला घेऊन रेक्टरबाईंसमोर उभी राहिली आणि रात्री घुमीने सांगितलेली अडगळीच्या खोलीची हकिकत तिने सांगितली. "आईबापांनी कोंडलं म्हणून काय झालं? आम्हीही मार खाल्लाय," रेक्टरबाई म्हणाल्या.

"काल मी कोंडलं. तिच्या आईने निदान स्वतःच्या घरात कोंडलं, मी तर तुमच्या होस्टेलात कोंडलं. काढायचं तर मला काढा. आणि का काढलं, ते सगळ्यांसमोर सांगा."

रेक्टरबाई बराच वेळ धुसफुसल्या. शेवटी तळमजल्यावरची, रखवालदारीणबाईंच्या टेबलासमोरची खोली दोघींना मिळाली. तिथे दार उघडं राहिलं तरी चोर फिरकत नाही. घुमी आता विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जाते. पहिल्या दिवशी त्या बाईंनी काही विचारण्याआधी खुर्ची सरकवून दाराला लावली, दार उघडं राहावं म्हणून. ती सगळी बरी झाली, असं मी सांगणार नाही. अजून काही दुपारी ती जिन्यातच सापडते. पण पेपर कोरे राहत नाहीत, आणि वकीलबाईशी ती भांडायलाही शिकली आहे.

परवा आईचा फोन आला. "कुलूप नीट आहे ना गं?"

"आहे," घुमी म्हणाली. "उघडं आहे."

आता मी दाराखाली असतो. चप्पल घसरते, मी जड आहे, म्हणून वकीलबाईने मला जमिनीवर टेकवून दार अडवलंय. हत्ती आला तरी न हलणारा मी, आता नुसती वीट झालो. येणारेजाणारे माझ्यावर ठेचकाळतात आणि वर शिव्याही देतात. मी दाराला हलू देत नाही.

शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायची रीत आहे. तर मागतो. एखादं मूल फार शांत आहे म्हणून त्याच्या आईबापांचं कौतुक करू नका. आधी दारावर टकटक करा. आतून काहीच आवाज आला नाही, तर निघून जाऊ नका.