सड्याचा हात

वैजयंती वाशीमच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी इंझोरीच्या घरी स्वतःची चित्रं काढायची. त्यांत माणसं नाहीत, झाडं नाहीत, नुसता रंग. रंगात भरपूर पाणी घालून ती कॅनव्हासवर पातळ थर चढवायची. एक वाळला की दुसरा, खालचा निळा वरच्या पिवळ्यातून दिसत राहील असा. थर जमायचे, पण त्यांवरचे शिंतोडे काही जमत नव्हते. ब्रश झटकला की जाड थेंब पडून ओघळायचे. तीन कॅनव्हास असेच वाया गेले.

चौथा अंगणात आडवा टाकून ती बसली होती, तेव्हा तिच्या सासूबाई, गिरजाबाई, गोठ्यातून आल्या.

"इतका जोर लावून काहून झटकून राह्यली वं? सडा टाकतो तसं टाक. मनगट ढिलं ठेव."

"तुमीच दाखवा ना, आई."

गिरजाबाईंनी ब्रश घेतलाच नाही. वाटीतल्या पांढऱ्या रंगात बोटं बुडवली आणि कॅनव्हासभोवती फिरत हात फेकला. चाळीस वर्षं रोज अंगणात सडा टाकलेला तो हात. बारीक थेंब कमानीसारखे पसरत गेले. एकही ओघळला नाही. वैजयंतीने त्यावर पुन्हा ब्रश लावला नाही. फक्त कोपऱ्यात सही केली.

वाशीमच्या प्रदर्शनात त्याच चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. गिरजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सोबत आल्या होत्या. परीक्षक चित्रासमोर थांबले.

"थर छान आहेत, पण जीव आहे तो या शिंतोड्यांत. कसं साधलं?"

"वर्षभर सराव केला, सर," वैजयंती बोलून गेली.

"आणि या कोण?"

"सासूबाई. सोबत आल्यात."

गिरजाबाईंनी नुसते हात जोडले.

परतताना एसटीत तिने कसंबसं विचारलं, "आई, तुमी बोलल्या काहून नाही?"

"मी काय बोलू? चार लोकांत तुही फजिती झाली असती ना."

रागावल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून ती प्रदर्शनात गेली आणि संयोजक हेमसिंग यांना सगळं सांगितलं. ते हसले. "म्हातारीनं रंग शिंपडला, त्यात काय एवढं? चित्र तं तुमचंच हाय, मॅडम."

क्षणभर तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला कालच्या खोट्याहून जास्त लाज वाटली. तिने पेन मागितलं आणि चित्राखालच्या कार्डावर आपल्या नावाखाली गिरजाबाईंचं नाव लिहिलं. जागा पुष्कळ होती, तरी अक्षरं बारीक आली. वाचणाऱ्याला वाकावं लागेल इतकी.

ती तिथेच उभी राहिली. मग हेमसिंगांकडे न बघता म्हणाली, "दुसरं कार्ड द्या."