घरातला ओलावा

आईच्या उशीपासून अकरा सेंटिमीटरवर भिंतीचा रंग शर्टाच्या बटणाएवढा फुगला होता. नखाने दाबला तर आत भुसभुशीत लागला.

दादाने मला बोलावलं ते वरच्या मजल्यावरच्यांशी भांडायला पुरावा हवा म्हणून. तीन वर्षं तो त्यांच्या नावाने बोटं मोडत होता आणि तेवढ्या काळात त्याने ही भिंत चारदा रंगवली होती. शेवटचा रंग वॉटरप्रूफ. ओल आत कोंडून ठेवायला इतकी मेहनत घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आईचा खोकला ऐकून डॉक्टरांनी दोनदा खोली बदलायला सांगितलं. दादाने दोनदा पलंगाची दिशा बदलली.

मी भिंतीवर वीतभर अंतराने पेन्सिलीचे चौकोन आखले. प्रत्येकात ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया रुतवायच्या, आकडा लिहायचा.

"शास्त्रज्ञबाई, भिंतीला इंजेक्शन का?" दादाने दारातून विचारलं. वहिनी हसली. त्याच्या विनोदांना ती हजेरी लावल्यासारखी हसते.

छताजवळ आठ-नऊ टक्के, गुडघ्याजवळ अठ्ठावीस. सारखे आकडे रेषेने जोडत गेले तसे एकात एक वळसे उमटले. सगळ्यात आतला वळसा पलीकडच्या बाथरूममधल्या नळाच्या बरोबर मागे. तिथल्या टाइल्स दादाने स्वतः निवडल्या आहेत. पाहुण्यांना तो आधी त्या दाखवतो, पाणी नंतर विचारतो.

पाणी वरून येत असतं तर वर जास्त ओल दिसली असती, गळती नळामागच्या पाइपात आहे, टाइल्स फोडाव्या लागतील, असं मी सांगितलं. मीटर बिघडलाय, तो म्हणाला. मी त्याच्या खोलीच्या भिंतीत सुया रुतवल्या. आठ.

मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, घरात थोडा ओलावा असावाच लागतो. तुझ्या कोरड्या घरात कोण फिरकतं?"

मी नकाशाखाली तारीख घातली. आई मात्र उशीजवळचा चौकोन बघत होती.

"हा किती गं?"

"सव्वीस."

"आणि तुझ्याकडे?"

"आठ."

माझ्याकडे चल, असं मी तीन वर्षं म्हणत होते आणि ती दर वेळी "बघू" म्हणायची. आता तिने उशीचा अभ्रा काढला, नीट घडी घातली आणि दादाकडे न बघता म्हणाली, "ओलावा तुझा तुला लखलाभ. मी हिच्याकडे राहायला जातेय."