ती आलती

तारामतीबाईंच्या घरी टीव्ही आला आणि गल्लीतल्या बायकांचा रविवार बदलून गेला. सकाळी साडेनऊच्या आत धुणं वाळत घालून, ओले हात पदराला पुसत सगळ्या बाईंच्या सोप्यात येऊन बसायच्या. बाई जैनांच्या, नवरा वारलेला, चिकोडीच्या शाळेतून रिटायर होऊन निपाणीत राहायला आलेल्या. "चपला भाईर काढा नि आत कुणीबी या," एवढाच त्यांचा नियम. सोनुबाई पहिल्या रविवारी उंबऱ्याबाहेरच बसली होती. बौद्धवाड्यातली बाई, जुनी सवय. तारामतीबाईंनी दंडाला धरून तिला आत आणलं आणि टीव्हीसमोर बसवलं. तेव्हापासून तिची जागा ठरून गेली.

सोनुबाईनं पन्नाशी गाठली होती. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, आईबाप गेलेले. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि रविवारी मालिका बघायची, एवढाच तिचा संसार. मालिका हिंदी होती. अर्धं बाई समजावून सांगत, अर्धं तोंडं बघून कळे.

त्या मालिकेत नंदिता नावाची मुलगी होती आणि शेखर नावाचा मुलगा. दोघांची घरं एकमेकांच्या उरावर बसलेली. शेवटी पळून जायचं ठरलं. शेखरनं चिठ्ठी पाठवली, नदीच्या घाटावर येऊन थांबला. होड्या आल्या, गेल्या. नंदिता काही आली नाही. शेखर एकटाच होडीत बसला आणि त्या रविवारची मालिका तिथंच संपली.

मग काय, आठवडाभर नळावर दुसरा विषय नाही. यल्लव्वा सगळ्यांत पुढं. ती शेजारची, बोलायला फटकळ.

"पोरगीच खोटी. प्रेम करताना ग्वाड लागलं, घर सोडायची येळ आली तवा पाय गारठलं," ती म्हणाली.

"अगं, बापानं कोंडून घातलं असंल," दुसरी कुणी म्हणाली.

"कोंडलं असतं तर दाखवलं नसतं व्हय? तशी दारात हुबी दाखवली की! चांगली केस विंचरत हुती."

सोनुबाई घागर भरून निघून गेली. तिला त्या वादात पडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ती मालिकाच बघवत नव्हती, आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. कारण त्या नंदितेची मान. ऐकताना ती मान जराशी डावीकडं कलती करायची, जणू समोरच्याच्या बोलण्यामागचं काही ऐकतेय. अशी मान शेवंताची होती.

शेवंता म्हणजे सोनुबाईची धाकटी बहीण. ती जाऊन तेरा वर्षं झाली होती. पण गेली असं सोनुबाईला कधी वाटलंच नाही. दुपारी गल्ली सामसूम झाली, विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता बोटं आपोआप चालू लागली, की पाठीमागून आवाज यायचा. अगदी साधा, घरातला. "आक्का, वार तू नीट ऐकलतास न्हवं?" सोनुबाई वळून बघायची नाही. बघून काही उपयोग नाही, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. ती फक्त मान हलवायची. व्हय, नीट ऐकलतं.

पुढच्या रविवारी ती बाईंच्या सोप्यात शिरली, तर खुर्चीवर एक पुरुष बसलेला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कानाशी पिकलेले केस.

"हा माझा धाकटा भाऊ, कलगोंडा," बाई सगळ्यांना सांगत होत्या. "बोरगावला शेती बघतोय. आता दर रविवारी येणार म्हणतोय, त्यालाबी ह्या मालिकेचा नाद लागलाय."

सोनुबाई उंबऱ्यातच थांबली. पंधरा वर्षांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं. तो तारामतीबाईंचा भाऊ आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार? त्यानंही तिला ओळखलं. हलकेच मान लववली. त्या मान लवण्यात राग नव्हता. त्यानंच तिला जास्त भ्याल्यासारखं झालं.

एकाहत्तर सालची गोष्ट. सोनुबाई तेव्हा माहेरी परतलेली. दोघी बहिणी वखारीत तंबाखू निवडायच्या. बोरगावहून तंबाखूच्या गाड्या यायच्या, त्यांतल्या एकीवर हा कलगोंडा असायचा. बोलणं कधी सुरू झालं, कुणाला कळलं नाही. सोनुबाईला कळलं तोवर शेवंता पार बुडाली होती. जैन शेतकऱ्याचा मुलगा आणि वाड्यातली पोर, दोन्हीकडं कुणी जगू दिलं नसतं. कलगोंडानं खानापूरला लाकडाच्या वखारीत नोकरी बघितली, एक खोली बघितली. आणि एक दिवस बाजारात सोनुबाईला गाठून म्हणाला, "आक्का, शेवंताला सांग. सोमवारी दुपारी बेळगाव टेसनावर ये. लोंढ्याच्या गाडीनं जायचं. मी तिथंच असतो."

सोनुबाई घरी आली. शेवंता चुलीपुढं भाकरी थापत होती. मान कलती करून म्हणाली, "काय म्हणालं?"

आणि सोनुबाई म्हणाली, "मंगळवारी."

तिनं ते ठरवून आणलं नव्हतं. वाटेभर ती एवढंच घोकत होती, की ही गेली तर लोक बाबाला वखारीत उभं करणार नाहीत, वाड्यावर दगड पडतील. ते खरंच होतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नाही. ही गेली तर मी कुणाजवळ राहू?

सोमवारी कलगोंडा स्टेशनावर बसून राहिला. मंगळवारी शेवंता. ती रात्रीच्या बसनं परत आली, कपड्यांचं बोचकं जसंच्या तसं. रडली नाही. फक्त विचारलं, "आक्का, वार तू नीट ऐकलतास न्हवं?" सोनुबाई म्हणाली, "व्हय. मंगळवारच म्हणाला." त्यानंतर कलगोंडा गाडीवर कधी आला नाही, आणि महिन्याभरात बापानं शेवंताला हिंडलग्याला दिलं. हळदीच्या अंगानं तिनं तेच पुन्हा विचारलं. पुढं दीड वर्षानं पहिल्या बाळंतपणात पोर गेलं आणि तीही गेली. त्याच्या आदल्या दिवशी सोनुबाई उशाशी बसली असताना तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा सोनुबाईनं एकच उत्तर दिलं.

टीव्हीवर मालिका सुरू झाली. शेखर परक्या शहरात, दाढी वाढलेली. नंदिता खिडकीत उभी. संपल्यावर यल्लव्वानं लगेच तोंड उघडलं.

"मी म्हणालती न्हवं? बघा, खिडकीत हुबी ऱ्हाऊन काय हुतंय? जायचं हुतं तवा गेली न्हाय."

"मला वाटतंय शेखरचीच घाई झाली," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माणसानं थांबावं. एक दिवस थांबला असता तर?"

"किती थांबायचं, आक्का?" कलगोंडा हसल्यासारखं करून बोलला, पण आवाज हसरा नव्हता. "माणूस सकाळपासनं बसतंय. प्रत्येक बाई तीच वाटतीया. शेवटची गाडी जातीया. मग कळतंय, की ती येणारच न्हवती. अशा पोरी येत न्हाईत. तिनं कवाच ठरवलेलं असतंय, आपल्यालाच तेवढं ठावं नसतंय."

"बरोबर बोललासा बघा, अण्णा," यल्लव्वा म्हणाली.

"ती आलती."

सगळ्या वळल्या. सोनुबाईला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"कुठं आलती?" यल्लव्वा हसायला लागली. "सोनाक्का, तुला झोप लागलती व्हय? दाखवलंच न्हाय की."

"आलती," सोनुबाई म्हणाली. ती कुणाकडंच बघत नव्हती. "दुसऱ्या दिशी आलती. बोचकं घिऊन दिवसभर बसलती. तिला वार चुकीचा सांगितला हुता."

बायका एकमेकींकडं बघून हसू लागल्या. तारामतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भावाकडं पाहिलं. कलगोंडानं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पडू नये म्हणून धरतात तसे. बाईंनी उठून टीव्ही बंद केला. "चला गं, आज मला बसदीला देवदर्शनाला जायचंय," म्हणाल्या, आणि बायका कुरकुरत उठल्या.

सोपा रिकामा झाला. सोनुबाई बसल्या जागी बसून होती.

"कुणी सांगितला चुकीचा?" कलगोंडानं विचारलं.

"मी."

"चुकून?"

सोनुबाईला हो म्हणता आलं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पंधरा वर्षं एका खोट्यावर काढली, त्यात आणखी एकाची काय भर! पण तेवढ्यात पाठीमागं कुणीतरी मान कलती करून ऐकतंय, असं तिला स्पष्ट जाणवलं. भरदिवसा, उघड्या दारात, बाईंच्या स्वच्छ सोप्यात.

"न्हाय," ती म्हणाली. "मुद्दाम."

मग तिनं सगळं सांगितलं. वाडा, बाबा, दगडांची भीती. आणि शेवटी ते दुसरंही, एकटं राहण्याचं. शेवंतानं तीन वेळा विचारलेलंही सांगितलं. संपल्यावर कलगोंडा उठून अंगणात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला. तारामतीबाई दारात येऊन पाठमोऱ्या भावाकडं बघत राहिल्या. त्यानं लग्न का केलं नाही, हे घरात त्याला विचारून विचारून सगळे थकले होते. आज त्यांना विचारावं लागलं नाही.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

"पंधरा वरसं मी तिला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "जेवताना, शेतात, देवापुढं बसल्यावरबी. मेलेलीला. ते मी आता कुठं परत घिऊ, आक्का?"

तो पुन्हा खुर्चीवर बसला.

"तिला कुठं ठेवलंय?"

"हिंडलग्याला. सासरच्यांच्या वाड्यामागं."

"मला दाखव."

दोन दिवसांनी ते गेले. निपाणीच्या स्टँडवर तो आधीच येऊन थांबला होता. बेळगावपर्यंत पुढं-मागं बसले. हिंडलग्यात शेवंताच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं, पोरंबाळं झालेली. त्यानं फार विचारपूस केली नाही. माहेरची माणसं आलीत म्हणून चहा दिला आणि बांधाच्या कडेला बोट दाखवलं. तिथं गवत वाढलेलं होतं, एक घाणेरीचं झुडूप होतं आणि दोन चपटे दगड, एक मोठा, एक वीतभर. सोनुबाई दर वर्षी यायची, दुरूनच हात जोडायची आणि वळायची. एवढं जवळ ती कधी गेली नव्हती.

कलगोंडा टोपी काढून खाली बसला. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "तूबी सांग. मी जाऊन थांबतो तिकडं."

तो दूर गेला. सोनुबाई गुडघ्यांवर बसली. तिनं किती वेळा हे मनात म्हटलं होतं, पण आता तोंड उघडेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "सोमवार हुता, शेवंते. सोमवार."

वाऱ्यानं गवत हललं. बाकी काही झालं नाही. कुणी उत्तर दिलं नाही, मोकळं वाटलं नाही. उलट तिला वाटलं, एवढी साधी गोष्ट होती, एका शब्दाची. एवढ्यासाठी?

परतीच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर ती खिडकीला बसली आणि तो कडेला, मध्ये जागा सोडून. कंडक्टर आला. कलगोंडा खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत होता, म्हणून कंडक्टरनं सोनुबाईला विचारलं, "किती?"

"तीन," सोनुबाई म्हणाली.

कंडक्टरनं दोघांकडं बघितलं, मधल्या जागेकडं बघितलं. "तिसरं कोण?"

सोनुबाईनं मुद्दाम म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं होतं, पूर्वी एकदा गेलं होतं तसं.

"तीन द्या," कलगोंडा म्हणाला आणि पैसे पुढं केले.

संकेश्वरपर्यंत ती जागा तशीच राहिली. गाडीत गर्दी होत गेली, पण त्या दोघांची तोंडं बघून कुणी मध्ये घुसलं नाही. संकेश्वरला एक म्हातारी चढली. डोक्यावर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, धापा टाकत. बाकाजवळ येऊन म्हणाली, "हितं कोण बसलंय का रं बाबा?"

सोनुबाई कलगोंडाकडं बघत राहिली. त्याच्या हातात ती तीन तिकिटं घामानं मऊ झाली होती. मग गाडी सुटली, म्हातारी हेलपाटली, तसा त्यानं हात पुढं करून तिचं गाठोडं घेतलं.

"बसा, आज्जी," तो म्हणाला.

म्हातारी दोघांमध्ये टेकली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि कुठल्या गावचे, निपाणीत मेथीला काय भाव, असं काहीबाही विचारत राहिली. कलगोंडा उत्तरं देत होता. निपाणी आली तेव्हा त्यानं सोनुबाईला आधी उतरू दिलं.

"आक्का," बोरगावच्या गाडीकडं वळताना तो म्हणाला, "माफ केलं म्हणून मी म्हणणार न्हाय. ते मला जमायचं न्हाय. पर तिच्यावरचा राग गेला. तेवढं तरी झालं."

तो पुन्हा कधी रविवारी आला नाही. मालिकेत पुढं नंदिता आणि शेखर भेटले, असं यल्लव्वा नळावर सांगत होती. खूप रडारड झाली, मग लग्न. गल्ली आठवडाभर खूश होती. सोनुबाईनं ते भाग बघितले नाहीत. रविवारी ती घरीच सूप मांडीवर घेऊन बसायची, दार उघडं ठेवून. आवाज आता येत नव्हता. कधी कधी विडीचा दोरा तसाच हातात धरून ती थांबायची, कान देऊन, आणि गल्लीत नुसती बाईंच्या टीव्हीची बडबड ऐकू यायची.